आईचे ताट कोण वाढणार?



घरभेटीला आलो की हल्ली एक तक्रार आम्हांला हमखास ऐकू येते. "फादर, पोरं जेवताना अजिबात ऐकत नाहीत. एक ताट घेऊन टीव्हीपुढे बसतो, दुसरा मोबाईल घेऊन खाटेवर. तुम्ही धर्मशिक्षणाच्या तासाला जरा शिकवा की!" तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्या आयांचा थकवाही खरा आहे. पण थोडा हिशेब करून पाहू. धर्मशिक्षणाचा तास आठवड्यातून एकदा. घरातले जेवण दिवसातून दोनदा धरले तरी आठवड्याला १४ वेळा, वर्षाला ७३० वेळा. मूल पंधरा वर्षांचे होईपर्यंत घरातली दहा हजारांहून अधिक जेवणे त्याने पाहिलेली असतात. एवढी संधी ना धर्मगुरूला मिळते, ना शाळेतल्या गुरुजींना. आणि त्या प्रत्येक वेळी मूल काही ना काही शिकतच असते. आपण शिकवले नाही तरी ते शिकते, कारण ते पाहत असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला ॲरिस्टॉटल वाचावा लागला. बराचसा विसरलो असू, पण त्याचे एक म्हणणे घरभेटीत रोज आठवते. तो म्हणतो, माणूस चांगुलपणाची व्याख्या पाठ करून चांगला होत नाही. चांगली कृती पुन्हापुन्हा करून तो चांगला होतो, जसा वाजवून वाजवून वादक तयार होतो. हे खरे असेल, तर दिवसातून दोनदा होणारी गोष्ट ही सगळ्यात मोठी शाळा आहे. या रविवारच्या पाठात त्या शाळेकडे जरा नीट पाहू.

काटा-चमचा म्हणजे शिस्त नव्हे

'टेबल मॅनर्स' हा शब्द आला की आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांपुढे टेबल, काटा, सुरी आणि मांडीवरचा रुमाल येतो. मग ज्यांच्या घरी टेबलच नाही, जे स्वयंपाकघरात नाहीतर ओसरीवर खाली मांडी घालून जेवतात, त्यांना वाटते की हा विषय आपला नाही. इंग्रजी शाळेत जाणारी मुलेही कधी कधी घरी येऊन आजीला हाताने कालवून जेवताना पाहून नाक मुरडतात. त्या मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. इरास्मस नावाचा एक मोठा विद्वान कॅथलिक धर्मगुरू होऊन गेला. मुलांनी चारचौघांत कसे वागावे यावर त्याने १५३० साली लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते युरोपभर शाळांतून वाचले गेले. त्यात तो मुलांना सांगतो की ताटातले मांस तीन बोटांनी उचलावे, आणि बरबटलेली बोटे चाटू नयेत की अंगरख्याला पुसू नयेत. म्हणजे त्या काळी युरोपातले शिष्ट लोकही हातानेच जेवत होते! तेव्हा हाताने जेवण्यात कमीपणा कसला?

उलट हाताने जेवण्याची शिस्त अधिक कडक असते, हे आपल्या आजीला विचारा. उजव्या हाताने जेवायचे, उष्टा हात भांड्यात घालायचा नाही, भाकर तोडताना ताटाबाहेर चुरा पाडायचा नाही, घास तोंडात असताना बोलायचे नाही, मचमच आवाज करायचा नाही. अन्नाला नावे ठेवायची नाहीत. पंगतीत तर वाढण्याचाही नकाशा ठरलेला : वर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, मधोमध वरण-भात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणत पंगतीतून फिरायचा आणि पंगत उठेपर्यंत कोणी मध्येच उठायचे नाही. एखादा म्हातारा सावकाश जेवत असेल, तर त्याच्यासाठी अख्खी पंगत थांबायची. हे शेवटचे आम्हांला फार मोलाचे वाटते. आता लग्नात बफे आला. हातात ताट, उभ्याने जेवण, कोणाची वाट पाहण्याचा प्रश्नच नाही, आणि पोरे ताटात डोंगर रचून अर्धे टाकून देतात. सोय झाली हे कबूल, पण वाट पाहण्याची सवय गेली.

पवित्र शास्त्रात जेवणाच्या शिस्तीवर एक स्वतंत्र उतारा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिराकच्या पुस्तकातील ३१ वा अध्याय, १२ व्या ओवीपासून पुढे वाचावा. (आपल्या कॅथलिक आवृत्तीत हे पुस्तक मिळेल, इतर बायबलांत बहुधा मिळणार नाही.) सुमारे दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी यरुशलेमातला हा अनुभवी शिक्षक तरुणांना सांगतो की भरलेल्या मेजासमोर बसल्यावर अधाशीपणा करू नये, दिसेल त्या पदार्थावर हात टाकू नये, ताटात शेजाऱ्याच्या हाताशी झटापट करू नये, चारजण बसले असतील तर पहिला हात आपला नसावा, आणि जेवण थांबवताना मात्र आपण पहिले असावे. अगदी आपल्या आजीसारखेच बोलतो! पण या सगळ्याच्या मधोमध तो एक कारण देतो, आणि आमच्या मते सगळा विषय त्या कारणात आहे. तो म्हणतो की शेजाऱ्याला काय वाटत असेल ते स्वतःवरून ओळखावे.

म्हणजे जेवणाची शिस्त ही बोटांची शिस्त नव्हे, ती डोळ्यांची शिस्त आहे. मला भूक लागली आहे, तशी शेजारच्यालाही लागली आहे. मला भाजी आवडली, तशी त्यालाही आवडली असेल. भांड्यात किती उरले आहे आणि अजून जेवायचे कोण राहिले आहे, हे ज्या मुलाला दिसते, ते मूल शिकले. मग ते चमच्याने जेवो की हाताने.

शेवटी जेवणारी

आता हाच डोळा घेऊन आपल्याच घराकडे पाहू. अजून जेवायचे कोण राहिले आहे?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात, कोणत्याही समाजाच्या घरात रात्री डोकावले तर बहुतेक ठिकाणी तेच चित्र दिसते. आधी पुरुषमाणसे आणि पाहुणे, मग पोरे, मग सासू, आणि सगळ्यांत शेवटी घरची सून. "तुमी जेवा, मी मंग जेवतो," हे आपल्या वऱ्हाडी मायचे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकू येईनासे झाले आहे. ती तव्यावरून एकेक भाकर ताटात टाकते. ती बसते तेव्हा टोपल्यात उरली असेल ती भाकर, कढईच्या बुडाशी राहिलेली भाजी, आणि वरण बहुधा नुसते पाणी. आणि ती जेवते एकटी. बाकीचे तोवर अंथरुणावर.

यात प्रेम आहे, हे आम्ही नाकारत नाही. पुष्कळ आया हे आनंदाने करतात. पण प्रेम एका बाजूने आणि सवय दुसऱ्या बाजूने असेल, तर त्या प्रेमाची किंमत शरीर मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याहून अधिक, ५४ टक्क्यांच्या घरात आहे. रक्त कमी असण्याची कारणे अनेक असतात, सगळा दोष जेवणाच्या क्रमाला देणे बरोबर नाही. पण जिच्या वाट्याला रोज भाजीचे बूड येते, तिच्या रक्तात लोह कुठून येणार? मिस्साच्या वेळी उभ्या उभ्या चक्कर येणाऱ्या बहिणी आपण पाहतो. "उन्हामुळे झालं, फादर," असे त्या सांगतात. नेहमीच ऊन नसते.

आणि मुले? ती शिकतात. मुलगा शिकतो की ताट समोर येते, ते आणणारे हात वेगळे असतात, आणि जेवून झाल्यावर ताटातच हात धुऊन उठून जायचे असते. मुलगी शिकते की भूक लागली तरी आधी वाढायचे, मग खरकटे काढायचे. आपण त्यांना 'शिस्त' शिकवायच्या कितीतरी आधी ही शिकवण पूर्ण झालेली असते. मग मोठेपणी हाच मुलगा बायकोवर ताट भिरकावतो, तेव्हा आपण म्हणतो की काळ बिघडला.

प्रभू येशूने या बाबतीत काय केले ते पाहावे. लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात तो जगाची रीत सांगतो : शेतातून दमून आलेल्या चाकराला धनी आधी स्वतःचे जेवण वाढायला लावतो, चाकर मागून जेवतो. ऐकणाऱ्यांना यात नवल वाटले नाही, कारण घरोघरी तेच चाले. पण त्याच शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात, ३७ व्या ओवीत, त्याने ही रीत उलटी केली आहे. तिथे धनी रात्री घरी येतो, जागे राहिलेल्या चाकरांना पाहतो, स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि वाढतो. स्वर्गाच्या राज्याचे चित्र म्हणून येशूने हे चित्र निवडले. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने ते खरे करून दाखवले. उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. दर पवित्र गुरुवारी आपण हा विधी वेदीसमोर पाहतो, डोळ्यांत पाणी आणून पाहतो, आणि घरी गेल्यावर पुन्हा ताटाची वाट पाहत बसतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतला ३५ वा अध्याय स्वयंपाकघराविषयी आहे. सगळ्या बंधूंनी आळीपाळीने एकमेकांना वाढावे. आजारी असल्याखेरीज किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याखेरीज कोणाला त्यातून सूट नाही. आणि पुढे एक बारीकशी सोय तो करून ठेवतो, ती वाचून आम्हांला या संताबद्दल फार आपुलकी वाटली. त्या आठवड्यात ज्यांची वाढण्याची पाळी असेल, त्यांना जेवणाच्या तासभर आधी भाकरीचा तुकडा आणि काहीतरी प्यायला द्यावे, ठरलेल्या वाट्याच्या वर, म्हणजे उपाशीपोटी वाढताना त्यांची कुरकुर होणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वी एका संन्याशाला कळले की वाढणाऱ्यालाही भूक लागते! आपल्याकडे चुलीपुढे बसलेल्या बाईला कोणी विचारले आहे का, "तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

काही जण म्हणतील, फादर, तुम्हांला चुलीचे काय कळते? ज्वारीची भाकर गरमच चांगली, गार झाली की वातड होते. कोणीतरी तव्याजवळ बसलेच पाहिजे. हरकत रास्त आहे. पण भाकरी आधी थापून कापडात गुंडाळून टोपल्यात झाकल्या तर अर्धा-पाऊण तास मऊ राहतात, हे आम्हांला आपल्याच धर्मग्रामातील एका आजींनी सांगितले. राहिला प्रश्न तव्यावरच्या फुगलेल्या, वाफाळत्या भाकरीचा. ती आवड थोडी बाजूला ठेवता येणार नाही का? आपण उपवासकाळात मांस सोडतो, कोणी चहा सोडतो. एखाद्या वर्षी गरम भाकर सोडून पाहावी, आणि सगळ्यांनी एकत्र बसावे. तेही न जमले तर घरातल्या कर्त्या पुरुषाने तिच्यासोबत शेवटच्या पंगतीला बसावे. तेवढे तर नक्कीच जमते.

शेतीच्या घरात रोज एकत्र जेवण शक्य नसते, हे आम्ही जाणतो. सोयाबीनच्या सोंगणीत कोणी पहाटे निघतो, कोणी दिवे लागल्यावर येतो, दुपारची शिदोरी बांधावर खाल्ली जाते. काहींची मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत. म्हणून रोजचा हट्ट नको. पण रविवारची मिस्सा झाल्यावरचे एक जेवण असे ठरवता येईल की ज्यात कोणी आधी नाही, कोणी मागून नाही. आणि त्या दिवशी आईचे ताट मुलांनी वाढायचे. तिच्या आवडीची भाजी आधी तिच्या ताटात.

वयाप्रमाणे काम

लहान मुलाला शिस्त लावायची म्हणजे रागवायचे, असा आपला समज आहे. त्यापेक्षा काम द्यावे. तीन वर्षांच्या बाळाला स्वतःच्या हाताने जेवू द्यावे. सांडेल, अंगावर घेईल, खाली मुंग्या होतील; होऊ द्यावे. सहा वर्षांची पोर तांब्यातून सगळ्यांचे पेले भरू शकते. नऊ-दहा वर्षांचे मूल भाजी वाढू शकते, आणि वाढताना ते आपोआप मोजायला शिकते : माणसे सहा, भाजी एवढी, म्हणजे प्रत्येकाला किती. बाराव्या वर्षी मुलगा असो की मुलगी, स्वतःचे ताट घासून ठेवणे हे ठरूनच गेलेले असावे. मुलाने ताट घासले तर शेजारी हसतात, अशी अडचण एका वडिलांनी सांगितली. हसू द्यावे. येशूने पाय धुतले तेव्हा पेत्रालाही ते पसंत पडले नव्हते.

हात धुण्याबद्दल एक गंमत. धर्मशिक्षण नीट ऐकणारी हुशार मुले कधी कधी म्हणतात, "येशूचे शिष्य हात न धुता जेवले होते, मग आम्हांला का?" मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय त्यांना बरोबर सापडतो! त्यांना सांगावे की येशूचा विरोध परंपरेच्या नावाने दुसऱ्याला अपवित्र ठरवण्याला होता, साबणाला नव्हता.

मोबाईल दाखवत बाळाला भरवण्याविषयी मात्र जरा कडकच बोलावे लागेल. आईला घाई असते, बाळ तोंड उघडत नाही, पडद्यावर चित्र हलले की उघडते. मार्ग सोपा आहे, पण त्या वेळी बाळ जेवत नसते, त्याच्या पोटात अन्न टाकले जात असते. आपण काय खाल्ले, पोट भरले की नाही, हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. पोप फ्रान्सिस यांनी ११ नोव्हेंबर २०१५ च्या बुधवारच्या शिकवणीत कुटुंबाच्या जेवणावरच बोलताना विचारले होते की जे कुटुंब एकत्र जेवत नाही, किंवा जेवायला बसले तरी बोलण्याऐवजी टीव्ही आणि मोबाईल पाहते, त्याला कुटुंब म्हणावे का. पण मोठ्यांनो, पोराच्या हातातला मोबाईल काढून घेण्याआधी आपला खिशातला बाजूला ठेवावा लागेल. जेवताना फोन वाजला तर कोण उचलतो? बहुतेक घरांत बापच.

बोलायचे तर काय बोलायचे? पुष्कळ घरांत जेवताना मुलांशी फक्त दोन विषय निघतात : परीक्षेचे मार्क आणि शेजारच्या पोराचे मार्क. घास घशात अडकायला तेवढे पुरते. पैशाची ओढ, सोयाबीनचा पडलेला भाव, बँकेचे हप्ते, हे मुलांपासून लपवावे असे आमचे म्हणणे नाही. घराची परिस्थिती मुलांना कळली पाहिजे. पण तेवढेच रोज कानी पडले तर मूल लवकर जेवून उठायला शिकते. जुन्या करारात निर्गमच्या १२ व्या अध्यायात वल्हांडणाच्या भोजनाचा नियम सांगताना मोशे म्हणतो की तुमची मुले विचारतील, या विधीचा अर्थ काय. तेव्हा त्यांना सांगा. यहुदी घरांत आजही त्या रात्री सगळ्यांत लहान मूल प्रश्न विचारते आणि मोठे उत्तर देतात. म्हणजे प्रश्न लहानाने विचारायचा आणि उत्तर मोठ्याने द्यायचे. आपल्याकडे नेमके उलट!

आणि एक गोष्ट, जी लिहिताना जड जाते. काही घरांत जेवणाची वेळ ही भीतीची वेळ असते. बाप पिऊन येतो, भाजीत मीठ कमी-जास्त होण्याचे निमित्त होते, ताट भिंतीवर आदळते. त्या घरातल्या मुलांना घास कसा धरावा हे शिकवण्यात अर्थ नाही. ती कान दाराकडे ठेवून, बाप यायच्या आत भराभर गिळतात आणि झोपेचे सोंग घेतात. अशा घरातील बहिणींनी हे झाकून ठेवू नये. आमच्याकडे या, धर्मभगिनींकडे जा, शेजारणीला सांगा. आणि ज्या भावांना हे वाचताना आपलेच घर दिसले, त्यांच्यासाठीही आमचे दार उघडे आहे. दारू सोडवायला मदत मिळते, ती घेण्यात लाज नाही.

कोणाशेजारी बसायचे

आपल्या मराठी मुलखात जेवणाचा सगळ्यांत मोठा प्रश्न कसे जेवावे हा कधीच नव्हता. कोणाबरोबर जेवावे हा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. (हे मिशन आपले नव्हे, अँग्लिकन पंथाचे.) पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढे वादळ उठले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कप चहासाठी. देशातल्या एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांची काय असेल? आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. दूर बसायचे, वरून टाकलेले घ्यायचे. ही आठवण फार जुनी नाही.

म्हणून आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारी मुले रांगेने बसून खिचडी खातात, ते चित्र आम्हांला साधे वाटत नाही. शाळेतल्या आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने धान्याऐवजी शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. आणि २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. बंजारा, बौद्ध, मराठा, मुसलमान, आंध, ख्रिस्ती, सगळी पोरे एका रांगेत, एकाच पातेल्यातले. त्या वेळी शाळेत श्लोक म्हणतात, आपल्या मुलांनी काय करावे, असे काही पालक विचारतात. मुलांनी हात जोडून आदराने बसावे आणि मनात खुणेसह आपली जेवणाची प्रार्थना म्हणावी. अन्नाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्यांच्या रांगेत आपले मूल बसले आहे, यात भिण्यासारखे काही नाही.

आद्य ख्रिस्तसभेतही हा प्रश्न होता. करिंथ येथे श्रीमंत विश्वासणारे आधी येऊन पोटभर जेवत आणि कामावरून उशिरा सुटणारे गरीब उपाशी राहत. संत पौलाने त्यांना खडसावले की हे प्रभूचे भोजन नव्हे. आणि अंत्युखियात खुद्द पेत्र यहुदीतरांबरोबर जेवत असे, पण काही माणसे यरुशलेमहून आल्यावर लोक काय म्हणतील म्हणून तो पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावले. पहिल्या पोपला, जेवणावरून! गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे.

आता आपल्या अंगणात पाहू. सालदार शेतातून आला तर त्याला कुठे बसवतो? त्याचा कप वेगळा टांगलेला आहे का? हात थरथरतात आणि सांडते म्हणून आजोबांचे ताट ओसरीवर गेले आहे का? मुले हे सगळे टिपत असतात. "सोबती" या अर्थाचा एक जुना लॅटिन शब्द आहे, कोम्पानिओ. 'बरोबर' आणि 'भाकर' या दोन शब्दांपासून तो झाला. ज्याच्याबरोबर भाकर मोडली तो सोबती. वेदीवर आपण सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, तिथे कोणाचे ताट वेगळे नसते.

मुलांसाठी या आठवड्याचा गृहपाठ. पहिली ते दहावीपर्यंतच्या प्रत्येकाने एकदा तरी आईचे ताट स्वतः वाढायचे आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसायचे. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : तुझ्या आईला कोणती भाजी सगळ्यांत जास्त आवडते? तिला विचारले तर ती म्हणेल, "मला सगळंच आवडते." ते उत्तर चालणार नाही. पाहून या.